सात आणि आठ नंबरचे वाफे

पुंजाराम गावंडेच्या तोंडून दिवसभरात जो पहिला शब्द निघे, तो बहुतेक वेळा 'शून्य' असे, आणि तोही संध्याकाळी सहा वाजता. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर एक वळण आहे. तिथल्या दगडावर उभं राहून फोन डाव्या कानाला धरला तरच आवाज लागतो, उजव्या कानाला लागत नाही, असा त्याचा पक्का समज होता. खोलीपासून तिथवर चालत अर्धा तास. रोज तो त्या दगडावर चढे आणि अकोल्याला प्राजक्ता मॅडमना फोन लावे. मॅडम विचारत, पाऊस किती. हा सांगे, शून्य. मग किती रोपं वाळली तो आकडा. मग मॅडम म्हणत, "ठीक आहे काका," आणि फोन बंद. सगळं मिळून एक मिनिट. त्या एका मिनिटासाठी तासभर चालणारा माणूस खुळा म्हणायचा की काय, हे ज्याला ठरवायचं असेल त्यानं आधी महिनाभर त्या खोलीत राहून दाखवावं.

खोली म्हणजे वनखात्याची जुनी पडीक चौकी. समोर तारेचं कुंपण, कुंपणात रोपांचे चोवीस वाफे, आणि बाकी सगळं जंगल. दिवसातून दोनदा धारणीची बस जाई. एक ड्रायव्हर हात वर करायचा, दुसरा करायचा नाही. हात वर करणाऱ्याची ड्युटी असली की पुंजाराम बसच्या वेळेला मुद्दाम फाटकाशी काहीतरी काम काढी. बासष्ट वर्षांच्या माणसानं असं करावं याची त्याला स्वतःलाच लाज वाटे, तरी तो करी.

वाफे मॅडमचे होते. मॅडम म्हणजे तिशीतली, चष्म्याची, अकोल्याची मुलगी. जंगलातल्या रोपांवर तिचा मोठा अभ्यास चालू होता आणि त्यावर तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रत्येक वाफ्यात साग, तेंदू, ऐन, मोह अशी पंचवीस रोपं. बारा वाफ्यांवर लोखंडी सांगाडा करून प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, म्हणजे पडेल त्यातला निम्माच पाऊस खाली जावा. बाकी बारा उघडे. दोन्हींतल्या निम्म्या वाफ्यांना महिन्यातून एकदा झारीनं नत्राचं पाणी द्यायचं, मोजून. शेतातला युरिया, गाड्यांचा धूर, कारखान्यांच्या चिमण्या, या सगळ्यांतून नत्र हवेत चढतो आणि पावसातून नाहीतर धुळीतून कुठेतरी खाली येतो. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते त्याच्यावर पडत राहतं. वरून पावसाचा भरवसा उरलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम आल्या तर जंगलातलं पोरसवदा रोप काय करील, हे मॅडमना बघायचं होतं.

पुंजारामनं हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्याला हसू आलं होतं. "जंगलाले फुकटात युरिया भेटून राहिला, मंग वाईट काय झालं त्यात?" असं त्यानं विचारलंही होतं. त्यानं चाळीस वर्षं वावरात कपाशी केली होती. युरिया पडला की पीक कसं तरारतं, हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आणि वाफ्यांतही तसंच झालं. नत्राची रोपं मांडीपर्यंत गेली, पानं काळपट हिरवी. बिननत्राची बिचारी वीतभर, खुरटी. पुंजाराम फोनवर आकडा सांगून झाला की हळूच जोडून द्यायचा, "तुमच्या बिनखताच्यायचं काई खरं नाई, मॅडम." एकदा मॅडम हसून म्हणाल्या होत्या की काका, जमिनीखाली काय चाललंय ते तुम्हाला कुठे दिसतंय. पुंजारामनं ते शिकलेल्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पण त्या दिवशीचा फोन दोन मिनिटं चालला, हे त्याच्या चांगलं लक्षात राहिलं. मग तो वाद तो अधूनमधून मुद्दामच उकरून काढू लागला.

त्याचं गाव चांदूर बाजारच्या पलीकडे. चार एकर काळी जमीन, बायको आशाबाई, आणि मूलबाळ नाही. नाही म्हणजे झालंच नाही. त्याबद्दल दोघांनी पहिली पंधरा वर्षं देवधर्म केला आणि नंतरची पंचवीस वर्षं तो विषय काढला नाही. आशाबाई तोंडानं फटकळ आणि हातानं चपळ. पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायच्या दिवसांत तर तिच्या अंगात काहीतरी संचारायचंच. कापूस वेचून संपला की वाळलेल्या पराटीची काडी अन् काडी वावरातून काढायची, आणि तीही अक्षय तृतीयेच्या आत, ही तिकडची रीत. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, दांडा खाली दाबायचा, की मुळासकट पराटी बाहेर. नवरा-बायको एकेक ओळ धरत आणि ती नेहमी त्याच्या दहा पावलं पुढे असे. मागे वळून म्हणे, "हातपाय गळाले काय जी?" त्या गावात कोणाच्या वावरात वैशाख उलटूनही पराटी उभी दिसली, तर माणसं ओळखत की त्या घरात एक तर आळशी माणूस आहे, नाहीतर कोणी राहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर आशाबाईला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. त्या वर्षी पुंजारामच्या वावरात पराटी जूनपर्यंत उभी होती. तो रोज बांधावर जाऊन बसे, चिमटा मांडीवर घेई, आणि तसाच परत येई. चार एकर वाळक्या काड्या, सगळ्या गावानं पाहिल्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. शेवटी पुतण्या कुलदीपनं न विचारता ट्रॅक्टर घातला आणि दोन तासांत सगळं भुगा करून टाकलं. काकाचं ओझं हलकं केलं असंच त्या भल्या पोराला वाटलं. पुंजारामनं त्याच आठवड्यात जमीन त्याला करायला दिली आणि ओळखीच्या खुशालरावांनी, म्हणजे निवृत्त वनरक्षकांनी, ही जागा सुचवली तशी तो इकडे निघून आला. येताना कपड्यांची पेटी, तवा आणि तो चिमटा आणला. जंगलात पराटीचा चिमटा कशाला, असं त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिला उन्हाळा बरा गेला. रोपं लहान म्हणून मॅडमनी पाणी घालायला लावलं होतं. पण यंदा पाणी बंद होतं. गेला पावसाळा आधीच अर्धवट, त्यातलं निम्मं प्लॅस्टिकनं अडवलेलं. मार्च संपता संपता पट्ट्यांखालचे बाराही वाफे पान सोडून मोकळे झाले आणि एप्रिलमध्ये काड्याही वाळल्या, नत्राच्या उंच काड्या आणि बिननत्राच्या खुरट्या, सगळ्या सारख्याच. काडी मोडली की कट् असा आवाज यायचा. रोजचा आकडा वाढत वाढत एक दिवस संपला. पुंजाराम दगडावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, पट्ट्याइखालचे सारेच गेले." त्याला वाटलं होतं, पलीकडे क्षणभर तरी कोणी गप्प होईल. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे काका," आणि पुढे सांगितलं की शुक्रवारी मी आणि माझे मार्गदर्शक सर पाहणीला येतोय.

त्या 'ठीक आहे'नं पुंजाराम परतीच्या वाटेवर चिडत राहिला. दोन वर्षं ज्यांची रोज उंची मोजली ती मेली, आणि ही बाई ठीक आहे म्हणते. पण खोलीशी येऊन वाफ्यांकडे नजर गेली तसा राग कुठल्या कुठे गेला. तीनशे वाळक्या काड्या ओळीनं उभ्या होत्या. अक्षय तृतीया होऊन आठ दिवस झाले होते. चार दिवसांत इथे पाहुणे येणार, आणि त्याच्या हाताखालच्या जमिनीत पुन्हा एकदा मेलेलं पीक उभं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ऊन चढायच्या आत त्यानं चिमटा काढला. फाटकाजवळचे सात आणि आठ नंबरचे वाफे आधी घेतले, कारण पाहुण्यांची नजर आधी तिथेच पडणार. दोन्ही पट्ट्यांखालचे, बिननत्राचे. वाफे मोकळ्या मातीचे होते, तरी वीतभर काडीला एवढा जोर का लागावा हे त्याला कळेना. साग दात रोवून बसलेला. तेंदू तर अर्ध्यातच तुटे, मग उरलेलं मूळ खणून तुकड्यांनी काढावं लागे. पण कामाला लय आली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला घाम चांगला वाटला. एक-दोनदा पुढे कोणी आहे का म्हणून त्यानं वरही पाहिलं. नऊ वाजेपर्यंत दोन्ही वाफे स्वच्छ झाले, उकरून सारखे केलेले, लग्नघराच्या अंगणासारखे.

काड्यांची मोळी करून तो चुलीशी बसला. पहिली मोडली, कट्. मूळ मोडायला गेला तर मोडेना. वाकलं. त्यानं हातात घेऊन पाहिलं. वर सुतळीएवढी काडी आणि खाली अंगठ्याएवढं जाड मूळ. नखानं साल खरवडली. आत ओलं होतं.

दुसरं मूळ खरवडलं, तेही ओलं. मग तो एकामागून एक खरवडत सुटला, आणि एकोणचाळिसाव्या मुळाशी थांबला. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला मेलेलं आणि झोपलेलं यातला फरक कळला नव्हता. कपाशी वाळली की मेली. जे सहा महिन्यांत येतं आणि जातं, त्याच्यावरून तो शंभर वर्षं जगणाऱ्यांना मोजत बसला होता. चूल पेटवायची त्या दिवशी राहूनच गेली.

दुपारी त्यानं सगळी रोपं पुन्हा त्याच वाफ्यांत रोवली. भोकं पाडली, मूळ आत सोडलं, माती दाबली, तुटलेल्यांच्या नुसत्या काड्या खोचल्या. पाणी घालायची सोय नव्हती. पाणी घातलं तर मॅडमचा उरलेला हिशेबही बिघडणार. यात आशा किती आणि चलाखी किती, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. पण मागे सरून पाहिलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की काल होते तसेच वाफे दिसतायत. वाळकी काडी रोवलेली काय आणि उगवलेली काय, वरून सारखीच. पावसात ती फुटणार नाहीत, मॅडम 'मेली' म्हणून लिहून घेतील, आणि शिवाय बिनखताच्यांचं काही खरं नाही हे त्याचं म्हणणं खरं ठरेल.

मंगळवारी आणि बुधवारी तो दगडावर गेला, शून्य म्हणाला आणि मॅडमनी ठीक आहे म्हणायच्या आधीच त्यानं फोन बंद केला. गुरुवारी गेलाच नाही. सांगितलं तर इथून जावं लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि जायचं कुठे? गावात कुलदीपच्या ओसरीवर, सून जेवायला हाक मारील तेव्हा उठायचं. इथे निदान संध्याकाळी सहाला कोणीतरी त्याच्या आकड्याची वाट पाहत असे.

शुक्रवारी मॅडम एकट्याच आल्या. सरांना अमरावतीला बैठक निघाली होती. मॅडमनी तीन तास सगळे वाफे तपासले. सात आणि आठशी वाकल्या, पाहिलं, लिहिलं आणि पुढे गेल्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं. उलट त्या खुशीत होत्या, इतक्या मोकळ्या त्या कधी दिसल्या नव्हत्या. सावलीत बसून चहा घेताना त्या आपण होऊन समजावू लागल्या. नत्र मिळालं की रोप वर धावतं, मुळात काही साठवत नाही. मग पाऊस दगा देतो तेव्हा त्याच्याकडे परत उभं राहायला काही नसतं. ज्याला काही मिळालं नाही ते आधी खाली जातं. वरचा शेंडा जाळून टाकतं आणि मुळात जीव धरून बसतं. आपल्या इकडची रोपं अशी वर्षानुवर्षं मरून उठतात. "पट्ट्यांखालचे ते सहा बिननत्राचे वाफे आहेत ना काका, माझी सगळी मेहनत त्या सहा वाफ्यांवर उभी आहे. जुलैत बघा कसे फुटतात." असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

बोलला नसता तर काही बिघडलं नसतं. गाडी निघून गेली असती. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याच्याशेजारी बसून, त्याला समजावं म्हणून बोललं होतं, आणि ते ऐकून घेऊन त्याच माणसाला फसवून पाठवणं त्याला जमेना. "चारच फुटतीन, मॅडम," तो म्हणाला. "सात न आठ नाई फुटनार."

मॅडमना वाटलं, जुना वाद. त्या हसल्या. पुंजाराम उठला, सात नंबरशी गेला, खाली बसला आणि दोन बोटांनी एक काडी वर उचलली. ती मातीतून अलगद आली. तीन दिवसांत मूळ सुरकुतलं होतं. "म्या उपटले मंगळवारी. चिमट्यानं. मंग तसेच रोवून ठेवले."

मॅडमनी वाफ्याशी येऊन स्वतः एक काडी ओढून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि ओळच्या ओळ त्यांच्या हातात येत गेली. पन्नासातलं एकही रोप जागचं नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि एकदम घरातल्या, आईच्या बोलीत बोलल्या. "तुमी हे काहून केलं, काका?"

काहून, ते सांगायला पुंजारामला बराच वेळ लागला. आधी पाहुण्यांचं कारण सांगून झालं, स्वच्छतेचं सांगून झालं. ती दोन्ही कारणं खरी असूनही पुरत नव्हती. मग तो खाली मातीकडे पाहत म्हणाला, "माई बायको गेली त्या साली वावरात पराटी उभीच राहिली होती. तवापासून वाळलेली काडी उभी पायवत नाई मले."

मॅडमनी चष्मा काढला आणि ओढणीला पुसत बसल्या. मग म्हणाल्या की तुम्हाला पत्नी होती हे मला माहीत नव्हतं. रोज फोन केला आणि रोज आकडाच विचारला. ही रोपं मेलेली नाहीत, एवढं एक वाक्य तुम्हाला सांगावं असंही मला सुचलं नाही. मला ते इतकं ठाऊक होतं की तुम्हालाही असेल असं धरून चालले. पुंजारामला वाटलं, आपणही कधी विचारलं नव्हतं, या मुलीच्या घरी कोण आहे ते. पण आता विचारायची ती वेळ नव्हती.

नंतर कामाचं बोलणं झालं, कारण काम तर होतंच. सुकलेली मुळं तरी मोजता येतील, म्हणून मॅडमनी ती कागदात गुंडाळली. चार वाफ्यांवर अभ्यास लंगडा होईल, पण उभा राहील, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी स्वतःलाच सांगितल्यासारखं वाटलं. सरांपासून हे लपवता येणार नाही. सर तुम्हाला इथे ठेवतील असं मला वाटत नाही काका, असंही त्यांनी सरळ सांगितलं. पुंजारामनं मान हलवली. त्याची पेटी भरायला पाच मिनिटं पुरली असती.

मॅडमनी वही काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं. सात आणि आठ नंबरच्या वाफ्यांतली रोपं मे महिन्यात राखणदाराकडून चुकीनं उपटली गेली. पुंजारामनं विचारलं, हे छापून येणार काय? मॅडम म्हणाल्या, हो, यावंच लागतं, जे झालं ते सगळं लिहावं लागतं. जगात कोणीही वाचू शकतं. पण घाबरू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही. राखणदार एवढंच राहील.

खालच्या वळणावर बस गिअर बदलत होती, तिकडे पुंजारामनं पाहिलंही नाही.

"नाव टाका, मॅडम," तो म्हणाला. "पुंजाराम गावंडे, असं पुरं लिवा. चुकीच्या पुढं लिवा, पण लिवा. इथं कोनीतरी होतं, एवढं तरी समजंन लोकायले."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग 'राखणदार' या शब्दापुढे त्यांनी त्याचं नाव लिहिलं आणि वही त्याच्यासमोर धरली. पुंजारामनं बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि बरोबर आहे म्हणाला.